सुटकेनंतरचा कागद

एका जिल्हा न्यायालयात मी सव्वीस वर्षे भाषांतरकार होते. मराठीत झालेल्या साक्षी, पंचनामे आणि जबाब अपिलासाठी इंग्रजीत करून देणे आणि वरच्या न्यायालयाकडून आलेले इंग्रजी आदेश गरजेपुरते मराठीत आणणे, असे माझे काम होते. काही वाक्ये या कामात हाताला इतकी सवयीची होतात, की लिहिताना त्यांच्याकडे लक्षही जात नाही. ‘आरोपीस निर्दोष मुक्त करण्यात येत आहे’ हे वाक्य मी किती वेळा लिहिले असेल, याची मोजदाद नाही. न्यायालयाच्या आवारात, बाहेरच्या चहाच्या टपरीवर किंवा गावच्या पारावर मात्र हे वाक्य कोणाच्याही तोंडी नसते. तिथे एकच शब्द चालतो, ‘सुटला’. दावे तुटले की गुरू सुटते, हाताची पकड सैल झाली की चोर सुटतो आणि शिक्षा रद्द झाली की निरपराध माणूसही सुटतोच. त्या माणसाने काही केले होते की नव्हते, याबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही, आणि ऐकणारा ती मोकळी जागा आपापल्या संशयाने भरून काढतो.

या शब्दाकडे माझे लक्ष वेधले ते २०१३ च्या उन्हाळ्यात, एका पन्नाशीच्या शेतकऱ्याने. बांधाच्या भांडणातून झालेल्या एका खुनासाठी त्यांना जन्मठेप झाली होती. सात वर्षे तुरुंगात काढल्यावर उच्च न्यायालयाने त्यांचे अपील मंजूर केले आणि ते घरी आले. भाच्याने नेट कॅफेतून काढून आणलेली निकालाची एकतीस पाने प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोघे माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. निकाल इंग्रजीत होता आणि गावात तो वाचून दाखवणारे कोणी नव्हते. ‘बाई, सगळं वाचू नका, तुमचा वेळ जाईल,’ ते म्हणाले. ‘ह्यात मी केलं नाही असं कुठं लिहिलंय, तेवढी ओळ दाखवा.’

जेवणाच्या सुट्टीत मी ती एकतीस पाने वाचून काढली. प्रत्यक्षदर्शी म्हणवणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सांगण्यातली विसंगती न्यायमूर्तींनी बारकाईने दाखवली होती, हत्यार जप्त केल्याच्या पंचनाम्यावरचा पंच फितूर झाल्याचे नोंदवले होते, आणि फिर्याद इतक्या उशिरा का दाखल झाली याचा खुलासा पोलिसांनी केला नसल्याचेही म्हटले होते. निकाल चोख होता. पण त्यांना हवी असलेली ओळ त्यात नव्हती. शेवटच्या परिच्छेदाचा अर्थ असा होता, की अभियोग पक्षाला गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करता आलेला नाही, सबब संशयाचा फायदा देऊन आरोपीस मुक्त करण्यात येत आहे. ते मी मराठीत वाचून दाखवले. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि विचारले, ‘म्हणजे संशय हाय अजून?’

कायद्याच्या दृष्टीने या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोषच मानायचा असतो, म्हणून तो सिद्ध झाला नाही म्हणजे माणूस निर्दोष, आणि न्यायालयाने त्यापलीकडे जाऊन प्रमाणपत्र देण्याची गरज उरत नाही. हे मी त्यांना सांगितलेही. पण सांगत असतानाच मला जाणवत होते, की मी जे बोलते आहे ते त्यांच्या गावात कोणी मानणार नाही. गावाचे सोडा, सरकारसुद्धा ते पुरते मानत नाही. नोकरीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने ‘सन्मानपूर्वक मुक्तता’ आणि ‘संशयाचा फायदा देऊन केलेली मुक्तता’ असा भेद केलेला आहे. ‘सन्मानपूर्वक मुक्तता’ हा शब्दप्रयोग फौजदारी प्रक्रिया संहितेत कुठेही नाही, असे त्या निकालांमध्येच नमूद आहे, तरीही पोलीस खात्यासारख्या ठिकाणी दुसऱ्या प्रकारे सुटलेल्या उमेदवाराला नाकारण्याचा अधिकार नियुक्ती करणाऱ्याकडे राहतो. संहितेने माणसाला एकाच दारातून बाहेर सोडले आणि पुढे व्यवहाराने त्या दाराचे दोन भाग केले, असे हे आहे.

त्यांना निकालाची सहीशिक्क्याची नक्कल हवी होती आणि ती मराठीत हवी होती. जुन्या संहितेचे कलम ३६३ मी त्या दिवशी पुन्हा उघडून पाहिले. कारावासाची शिक्षा झाली, तर निकालाची प्रत आरोपीला ताबडतोब आणि विनामूल्य द्यायची, असे त्यात म्हटले आहे, आणि ते योग्यच आहे, कारण त्याला अपील करायचे असते. मुक्तता झालेल्याला मात्र असे आपोआप काही मिळत नाही. त्याने अर्ज करायचा, नक्कल फी भरायची आणि वाट पाहायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०४ मध्ये हीच रचना कायम आहे. माणूस दोषी आहे हे सांगणारा कागद राज्य स्वतःहून त्याच्या हातात ठेवते आणि तो दोषी नाही हे सांगणारा कागद त्याने शोधत यायचा असतो. यात कोणाचा दुष्टपणा नाही. सुटलेल्या माणसालाही कागदाची गरज असेल, हे हा कायदा लिहिताना कोणाच्या मनातच आले नाही.

त्यानंतर मी अशा खटल्यांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. त्यांतला एक खटला आपल्या महाराष्ट्रातला आहे, आणि त्याची हवी तेवढी चर्चा मराठीत झालेली नाही, असे माझे मत आहे.

जून २००३ मध्ये नाशिकजवळ पेरूच्या बागेतल्या एका झोपडीवर रात्री दरोडा पडला. घरातली पाच माणसे मारली गेली आणि स्त्रियांवर अत्याचार झाले. एक स्त्री आणि तिचा मुलगा जबर जखमी होऊनही वाचले. या गुन्ह्यासाठी पोलिसांनी भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना पकडले. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. राज्य शासन या तिघांविरुद्ध अपिलात गेले, आणि एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना पुन्हा फाशीची शिक्षा दिली. तीन न्यायालयांपैकी एकालाही दोषसिद्धीबद्दल शंका वाटली नव्हती. मतभेद होता तो फक्त शिक्षा किती द्यावी याबद्दल.

पुढे २०१२ मध्ये देशातल्या चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहिली. काही फाशीच्या शिक्षा ज्या पूर्वनिर्णयाच्या आधारावर दिल्या गेल्या तो पूर्वनिर्णयच चुकीचा होता असे सर्वोच्च न्यायालयाने नंतर मान्य केलेले आहे, तेव्हा त्या शिक्षा जन्मठेपेत बदलाव्यात, अशी त्यांची विनंती होती. त्या खटल्यांमध्ये नाशिकचा हा खटलाही होता. या पत्रांचा मला मनापासून आदर आहे, कारण आपल्याच संस्थेची चूक दाखवायला धैर्य लागते. पण आज मागे वळून पाहताना एक गोष्ट मन कुरतडते. त्या पत्रांमुळे शिक्षा कमी झाली असती, तर ही सहा माणसे ‘दया दाखवलेले खुनी’ म्हणून उरलेले आयुष्य तुरुंगात काढत राहिली असती, आणि खरा प्रश्न कोणी विचारलाच नसता.

तो विचारला गेला, याचे कारण आणखी वेगळे. फाशीच्या प्रकरणांतली पुनर्विलोकन याचिका, म्हणजे न्यायालयाने आपलाच निकाल पुन्हा तपासावा अशी मागणी, बंद दालनात कागद फिरवून निकाली न काढता खुल्या न्यायालयात ऐकली पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये दिला. त्या वाटेने हा खटला पुन्हा उघडला, ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायालयाने स्वतःचा २००९ चा निकाल मागे घेतला आणि ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री, अब्दुल नझीर आणि एम. आर. शहा यांच्या खंडपीठाने सहाही जणांना निर्दोष मुक्त केले. एकाच न्यायालयाने त्याच सहा माणसांना आधी फाशीची शिक्षा द्यावी आणि दहा वर्षांनी त्याच पुराव्यावर निर्दोष ठरवावे, असे आपल्याकडे क्वचितच घडले असेल.

या निकालातली सर्वांत महत्त्वाची बाब मी माझ्या कामाच्या सवयीने अधोरेखित करून ठेवली आहे. घटनेनंतर दोनच दिवसांनी वाचलेल्या त्या स्त्रीला पोलिसांनी गुन्हेगारांच्या छायाचित्रांचा अल्बम दाखवला होता आणि तिने त्यातली चार माणसे ओळखली होती. ती चार माणसे या सहा जणांपैकी नव्हती. त्या चौघांचा तपास झाला नाही, त्यांच्यावर खटला भरला गेला नाही, आणि पुढे त्याच साक्षीदाराने ओळख परेडमध्ये या आरोपींना ओळखल्याचा पुरावा न्यायालयापुढे आला. अल्बमची ती नोंद कोणी लपवून ठेवलेली नव्हती, ती खटल्याच्या कागदपत्रांत होती. तीन न्यायालयांच्या टेबलावरून ती गेली. अशी बंडले मी आयुष्यभर हाताळली आहेत. शंभर दस्तऐवजांच्या गठ्ठ्यात पोलीस डायरीतले एक पान किती सहज दबून जाते, हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच हा तपशील वाचताना अंगावर काटा येतो. अशा पानांची भाषांतरे करताना माझ्या हातून काय निसटले असेल, हा विचार तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

आरोपी भटक्या जमातीतले, समाजाच्या तळाच्या स्तरातले आणि अतिशय गरीब मजूर आहेत, त्यामुळे त्यांना खोटेपणाने गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असेही न्यायालयाने नोंदवले. महाराष्ट्रात या वाक्याला मोठा मागचा इतिहास आहे. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले, त्या ऑगस्ट १९५२ मध्ये कायद्याने मुक्त झाल्या, पण या जमातींना जिथे कोंडून ठेवले जाई, त्या सोलापुरातल्या वस्तीचे ‘सेटलमेंट’ हे नाव आजही टिकून आहे आणि कुठे चोरी झाली की पालांवर पहिली गाडी जाते, हे तालुक्याच्या गावात राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. या जमातींना आज लावला जाणारा विमुक्त हा शब्दही सुटण्याचाच आहे. एक अख्खा समाज सत्तर वर्षांपूर्वी सुटला आणि अजूनही ‘सुटलेला’ म्हणूनच ओळखला जातो.

त्या सहा जणांपैकी एक जण घटनेच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता, हे नंतर निष्पन्न झाले होते. त्या मुलाची विशी आणि तिशीची सुरुवात फाशीच्या छायेत गेली. जन्मठेपेच्या बंद्याला निदान काही पायऱ्या असतात. त्याला काम मिळते, त्याचा थोडाफार मोबदला मिळतो, काही वर्षांनी फर्लो आणि पॅरोल या रजांवर घर पाहता येते, वर्तणूक चांगली असली तर पैठणसारख्या खुल्या कारागृहात शेती करता येते, आणि सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला तर कुटुंबासह राहण्याची सोय १९३९ पासून आहे. म्हणजे ज्याने गुन्हा केला आहे त्याला बाहेरच्या जगाची सवय हळूहळू लावण्याची व्यवस्था आपल्याकडे आहे, आणि ती असलीच पाहिजे. फाशी यार्डातल्या माणसासाठी यातले काही नसते, कारण तो बाहेर येईल हे गृहीतच धरलेले नसते. मग एके दिवशी सुटकेचा आदेश कारागृहात पोचतो आणि लवकरच तो माणूस आपले बोचके घेऊन मोठ्या दरवाजाबाहेर उभा असतो.

२००३ साली आत गेलेला आणि २०१९ साली बाहेर आलेला माणूस कोणत्या देशात परत येतो, याचा विचार करून पाहावा. तो आत गेला तेव्हा आधार नावाची गोष्ट नव्हती. देशातले पहिले आधार आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात सप्टेंबर २०१० मध्ये दिले गेले. त्याने पाहिलेल्या पाचशेच्या नोटा नोव्हेंबर २०१६ मध्ये रद्द झाल्या होत्या. तुरुंगात असेपर्यंत त्याला मतदान करता येत नव्हते, त्यामुळे त्याच्या तरुणपणातल्या निवडणुका त्याच्याशिवाय पार पडल्या. रेशनकार्डातून नाव कमी झालेले, बँकेत खाते नाही, ज्या पत्त्यावर कागद काढायचे तो पत्ताच भटक्या माणसाकडे मुळात कधी नव्हता. प्रत्येक खिडकीवर विचारले जाते, ‘इतकी वर्षे कुठे होता?’ खरे उत्तर दिले की समोरच्याचा चेहरा बदलतो आणि खोटे दिले की तो नवा गुन्हा होतो.

माझ्याकडे आलेल्या त्या शेतकऱ्यांची सात वर्षेही अशीच गेली होती. वकिलाच्या फीसाठी दोन एकर जमीन विकली गेली होती, आणि भांडण ज्या बांधावरून झाले तो बांध आता दुसऱ्याच्याच मालकीचा होता. बराकीत रात्रभर दिवा चालू असतो, त्यामुळे त्यांना घरी अंधारात झोप लागत नव्हती. पत्नीने घर टिकवून ठेवले होते, त्याबद्दल ते फार कृतज्ञतेने बोलत. आत गेले तेव्हा मुलगी चार वर्षांची होती आणि परत आले तेव्हा अकरा वर्षांची. तिच्याबद्दल ते म्हणाले, ‘मला काय हाक मारायची ते तिला कळत नाही, म्हणून ती हाकच मारत नाही.’ या वाक्याला नुकसानभरपाईच्या कोणत्या रकान्यात टाकायचे, हे मला आजही सुचलेले नाही.

भरपाईबद्दल लिहायलाच हवे. नाशिकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य शासनाला प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. सोळा वर्षांचे दिवस ५८४० होतात. पाच लाखांना त्याने भागले तर दिवसाला सुमारे ८६ रुपये येतात. हा आकडा न्यायालयाला दोष देण्यासाठी मी मांडत नाही, कारण न्यायालयाने दिले ते स्वतःच्या विशेष अधिकारात दिले. असे काही देण्याचे बंधन कोणत्याही कायद्याने त्याच्यावर घातलेले नव्हते, आणि बहुतेकांना तेवढेही मिळत नाही. आपल्याकडची ही वाट १९८३ च्या रुदल शाह खटल्याने उघडली. बिहारमधला हा माणूस १९६८ साली निर्दोष सुटला होता आणि तरी १९८२ पर्यंत तुरुंगातच ठेवला गेला होता. न्यायालयाने त्याला आधीच्या पाच हजारांखेरीज तीस हजार रुपये देवविले आणि मूलभूत हक्क हिरावला गेला तर पैशाच्या रूपाने दाद देता येते, हे तत्त्व रुजवले. हेरगिरीच्या खोट्या आरोपात अडकवलेले इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ मध्ये पन्नास लाख रुपये मिळाले, तेही चोवीस वर्षांच्या लढाईनंतर. त्याउलट गुजरातमधल्या अक्षरधाम मंदिरावरच्या हल्ल्याच्या खटल्यात २०१४ मध्ये निर्दोष ठरलेल्यांची भरपाईची मागणी २०१६ मध्ये मान्य झाली नाही. एकाला मिळते, दुसऱ्याला मिळत नाही, आणि ज्याला मिळते त्याची रक्कम कोणत्या मापाने ठरली ते सांगता येत नाही. संहितेत लिहिलेली तरतूद शोधायला गेले तर निष्कारण अटक झालेल्यासाठी एक आहे, आणि तिची कमाल मर्यादा एक हजार रुपये आहे. जुन्या संहितेच्या कलम ३५८ मध्ये ती होती, नव्या संहितेच्या कलम ३९९ मध्ये आकडासुद्धा न बदलता ती पुढे आली.

कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात याबद्दल सविस्तर शिफारसी केल्या होत्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आयोगाला या प्रश्नाचा अभ्यास करण्यास सांगितले होते, त्यातून हा अहवाल आला. विशेष न्यायालये असावीत, पैशाच्या मदतीबरोबर समुपदेशन, मानसिक आरोग्यसेवा आणि रोजगाराचे प्रशिक्षण द्यावे, खटल्यामुळे नोकरी-शिक्षणात आलेली अपात्रता दूर व्हावी, असे त्यात आहे, आणि संहितेत करायच्या दुरुस्तीचा मसुदाही जोडलेला आहे. माझा एक आक्षेप मात्र आहे. आयोगाने भर दिला तो ‘चुकीच्या खटल्यावर’, म्हणजे पोलिसांनी किंवा अभियोग पक्षाने द्वेषाने अथवा सद्भावना सोडून केलेल्या कारवाईवर. प्रामाणिक चुकीमुळे ज्याची दहा वर्षे गेली, त्याने कोणाचा दुष्टपणा सिद्ध करायचा? त्याच्या मुलीचे बालपण तर तेवढेच गेलेले असते. तरीही हा मसुदा स्वीकारला असता तर मोठी मजल झाली असती; पण त्यानंतर पाच वर्षांनी तिन्ही फौजदारी कायदे नव्याने लिहिले गेले, तेव्हा तो त्यात आला नाही. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या फाशीच्या एका कैद्याला निर्दोष ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा या उणिवेकडे लक्ष वेधले आणि कायदा करणे हे संसदेचे काम असल्याचे म्हटले.

त्याच महिन्यात, २१ जुलै २०२५ रोजी, मुंबईच्या २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात उच्च न्यायालयाने बारा जणांची दोषसिद्धी रद्द केली. २०१५ मध्ये त्यांतल्या पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली होती. एकाचा तर २०२१ मध्ये कारागृहात असतानाच मृत्यू झाला होता. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले; सुटलेल्यांनी पुन्हा तुरुंगात जाण्याची गरज नाही, असे त्या न्यायालयाने सांगितले, मात्र हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. उच्च न्यायालयाचा निकाल लागला त्या संध्याकाळी माझ्या फोनवर जितके संदेश आले, त्या बहुतेकांत तोच शब्द होता, ‘सुटले’. तो राग मला समजतो. लोकलच्या त्या डब्यांत आपल्या ओळखीची, आपल्यासारखीच माणसे होती. पण चुकीच्या माणसाला शिक्षा झाली असेल, तर मृतांच्या कुटुंबांवरही दुसऱ्यांदा अन्यायच होतो, कारण त्यांना वर्षानुवर्षे सांगितले गेलेले असते की न्याय झाला आहे. नाशिकच्या पेरूच्या बागेतली पाच माणसे गेली, वाचलेल्या स्त्रीने दोन दिवसांत चार चेहरे दाखवले, आणि त्या चेहऱ्यांचा पुढचा तपास करण्याचा आदेश निघायला २०१९ साल उजाडले. तिचे म्हणणे पहिल्याच आठवड्यात कोणी मनावर घेतले असते, तर ती सहा घरेही वाचली असती.

सुटून आलेल्यांसाठी काम करणारी माणसे आपल्याकडे नाहीत असे नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगातल्या आणि तिथून बाहेर पडलेल्या लोकांसाठी निवारा, कागदपत्रे आणि रोजगार यांबाबत चिकाटीने झटतो आहे. पण हे एका प्रकल्पाच्या आवाक्यातले काम नाही. मला स्वतःला जे सुचते ते माझ्या टेबलावरून दिसते तेवढेच आहे. मुक्ततेचा निकाल लागला की त्याची प्रमाणित प्रत, त्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत, न मागता आणि न पैसे घेता त्याच्या हातात पडावी. तीच प्रत न्यायालयानेच पोलीस ठाण्याला, तहसीलला आणि ग्रामपंचायतीला पाठवावी, म्हणजे खिडकी-खिडकीवर त्याला स्वतःची कहाणी सांगत फिरावे लागणार नाही. वॉरंट बजावायला बेलीफ आणि हवालदार घराच्या उंबऱ्यापर्यंत जातात, तर मुक्ततेचा कागद तिथपर्यंत पोचवणे अशक्य का असावे? भाषांतरकारांची पदे जिल्ह्याजिल्ह्यांत रिकामी आहेत, हे कारण मला दिले जाईल, आणि मी ते कारण म्हणून मानायला तयार नाही, पदे भरावीत.

त्या दिवशी मी त्या शेतकऱ्यांना नियमाप्रमाणे मराठी नक्कल देऊ शकत नव्हते, कारण निकाल माझ्या न्यायालयाचा नव्हता. संध्याकाळी घरी बसून मी त्या एकतीस पानांचा गोषवारा दीड पानात लिहिला. कोणत्या साक्षीदाराचे म्हणणे का मानले गेले नाही, हे सोप्या शब्दांत मांडले, आणि शेवटी कायद्यानुसार ते निर्दोष आहेत असे लिहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कागद नीट वाचला. तुरुंगातल्या साक्षरता वर्गात ते वाचायला शिकले होते. मग त्यांनी तो उलटून पाहिला आणि विचारले, ‘बाई, ह्याच्यावर गोल शिक्का नाही का मारता येणार?’ मला तो मारता येणार नाही, असे मी त्यांना सांगितले. ते का, हेही सांगितले. त्यांनी मान डोलावली, कागदाची चौपदरी घडी केली आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली.

माझ्या निवृत्तीनंतर दीड-एक वर्षाने जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. त्या शेतकऱ्यांचा भाचा कार्यालयात आला होता आणि ‘बाईंनी लिहिलेला कागद’ पुन्हा मिळेल का, असे विचारत होता. पहिला कागद घड्यांवर फाटला होता, आणि मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असल्यामुळे पाहुण्यांना दाखवायला तो लागणार होता. निकालाची पाने त्याने फोनवरून पाठवली. मी तो गोषवारा पुन्हा लिहून काढला, या वेळी जाड कागदावर, दोन प्रतींत, आणि रजिस्टर टपालाने पाठवून दिला.